एक आईकडून, एक बापाकडून

बिट्टीच्या हाताला शीर सापडत नव्हती. नर्सनं डावा हात चोळून पाहिला, उजवा पाहिला, शेवटी पायाकडे वळली. बिट्टी रडली नाही. रडणं तिनं मागेच सोडून दिलं होतं. बापाच्या शर्टाचं बटण मुठीत धरून ती पंख्याकडे बघत राहिली. पिशवीतलं रक्त थेंबथेंब उतरू लागलं, तसा तिच्या पांढऱ्याफटक ओठांवर रंग आला.

बाप चष्मे बनवायचा. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा त्याच्या नजरेतून सुटत नसे, पण आपली पोर पांढरी पडत चालली आहे हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. ते ओळखलं त्याच्या आईनं. नातीची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिनं कपाटातले पैसे काढून समोर ठेवले. "हिला मोठ्या दवाखान्यात न्या," एवढंच म्हणाली. तिचा थोरला मुलगा कॉलेजात असताना अपघातात गेला होता. तेव्हापासून घरात कुणी शिंकलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

डॉक्टरीणबाई समजावून सांगायला कंटाळत नसत. "रक्त कसं बनवायचं या सूचनेच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. बीज तयार होताना पेशी अशी विभागते, की मुलाकडे दोहोंतली एकच जाते. एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तर काही अडत नाही, माणसाला पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या, की हे असं. दोघांपैकी एकाचं रक्त चांगलं असलं, तर मूल धडधाकट निघतं."

"म्हणजे आम्हा दोघांतही दोष आहे?" बायकोनं विचारलं.

"असणार. तपासून घेऊ."

"आणि यावर इलाज?" त्यानं विचारलं.

"सख्ख्या भावंडाचा हाडातला मगज जुळला, तर तो घालतात. मग जन्मभर अंगात त्या भावंडाचंच रक्त बनत राहतं. रक्त तेवढं त्याचं, बाकी माणूस होता तोच. उद्या मुलं झाली तरी ती आपल्याच बीजाची. पण बिट्टीला भावंड नाही."

दोघांनी तपासणीसाठी रक्त दिलं.

तपासणीत बायकोच्या रक्तात दोष निघाला. त्याच्या रक्तात निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे केलं.

"क्वचित नवाच बिघाड होतो. पण फार क्वचित."

"नाहीतर?"

"तुमची इच्छा असेल, तर बाप कोण तेही रक्तावरूनच तपासता येतं."

त्यानं बाही वर केली.

उत्तर आलं. बिट्टी त्याची नव्हती.

बायकोनं आरडाओरडा केला नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "यंत्र चुकलं असेल."

"तिन्ही वेळा?"

"मग मीच चुकले असेन. कधी, कुठे, कुणाबरोबर, ते तरी सांगा मला. मला आठवत नाही."

त्याच्या आईनं मध्ये तोंड घातलं. "तिला राहू दे रे. पोर आजारी आहे."

"कुणाची पोर?" त्यानं विचारलं.

आई बिट्टीचे कपडे पिशवीत भरायला बसली. ती ते तसेच कोंबत होती; शेवटी बायकोनंच ते तिच्या हातातून घेतले आणि घड्या घातल्या.

बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली. त्या गावात रक्त वेळेवर मिळत नसे. फोन यायचे, तो उचलायचा नाही. एकदा मेव्हणा स्वतः दुकानात आला.

"दाजी, आता काही खरं नाही तिचं. बाबा बाबा करतेय. नुसतं येऊन बसा."

चष्मेवाल्यानं भिंग घासायच्या चाकावरून मान वर केली नाही. मेव्हणा काचेचं दार हळूच ओढून घेऊन निघून गेला. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं बोलता बोलता सांगितलं, की पोर गेली. त्यानं मान हलवली आणि त्या माणसाच्या नाकावर चष्मा नीट बसतो का ते पाहिलं.

त्यानंतर तो घरी फारसा बोलेनासा झाला. आई वाढायची, तो जेवायचा. कागदोपत्री फारकत झाली. मग कुणीतरी एक स्थळ सुचवलं. बँकेत काम करणारी, समजूतदार बाई. तो दोनदा तिला भेटून आला. बऱ्याच दिवसांनी त्यानं दाढी नीट केली, शर्टाला इस्त्री केली. आईला वाटलं, चला, पोरगा माणसांत आला.

"हो म्हणून टाकतो," दुपारी जेवताना तो म्हणाला. "या वेळी मूल माझं असेल."

आईनं हातातला डाव खाली ठेवला. "आधी तिचं रक्त तपासून घे."

"कशाला? दोघांतल्या एकाचं चांगलं असलं की झालं. माझं तर किती वेळा तपासलंय."

आईनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"तपासलं ते तुझ्या दादाचं," ती म्हणाली. "तूही बिट्टीएवढाच होतास, तिच्यासारखाच पांढरा. त्याचा मगज घातला, म्हणून वाचलास."