हवेतली खोली

"थांबवा! साहेब, खाली घ्या ती खोली!"

भावना चौकीदाराला ढकलून फाटकातून आत शिरली, तेव्हा क्रेननं खोली उचललेली होती. वाडीच्या कारखान्यात पलंग, आरसा, नळासकट तयार झालेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली अख्खी खोली. अशाच खोल्या एकावर एक रचून सदर भागातल्या या हॉटेलाचे तीन मजले उभे राहिले होते.

इंजिनियर मार्तंड आडवा आला. "कोण तुम्ही?"

"प्रशिकची बायको. ते आतमधी आहेत, साहेब."

मार्तंडचा चेहरा उतरला. प्रशिक कारखान्यातला वेल्डर. ही खोली उचलायच्या हुकांचे जोड कच्चे आहेत म्हणून परवा सर्वांसमोर तो मार्तंडशी भांडला होता. मार्तंडनं त्याला तिथल्या तिथं घरी पाठवलं होतं.

"त्याले तर कामावरून काढलं."

"म्हणूनच ना! रात्रभर डोळ्याले डोळा नाही. आपलं कोणी ऐकत नाही, एवढंच बोलून राहिले. सकाळपासून फोन बंद आहे."

"खोली सील आहे, बाई. आत कोणी नाही."

"उघडून पाह्यलं का तुम्ही?"

मार्तंडनं लटकत्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "वर बसवून उघडतो."

"तोवर ते जिवंत राहतीन का?" भावनानं त्याचे पाय धरले.

खाली उभे असलेले सात-आठ मजूर खोलीकडे बघत राहिले. भावना त्यांच्यावर किंचाळली, "पाहता काय गा? सरका ना! ॲम्ब्युलन्सले जागा करा!"

मजूर पांगले. क्रेनवरच्या चंद्रभाननं हुकमाची वाट पाहिली नाही. "माणसाचा जीव आहे, साहेब," म्हणत त्यानं खोली उतरवायला घेतली.

तोंडाला पदर लावून भावना जमिनीकडेच पाहत होती.

दोन पुरुष उंची उरली असताना कडाड्कन आवाज झाला. खोली एका अंगाला कलली आणि धाडकन आदळली. काचा उडाल्या, धूळ उठली. मजूर जिथं उभे होते, ती जागा खोलीखाली गेली होती.

दोघा मजुरांनी पहारीनं दार फोडलं. मार्तंड आत धावला. पलंग पाहिला, बाथरूम पाहिलं, कपाटही उघडलं.

तो बाहेर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. "बाई... आत कोणीच नाही."

भावना मातीत बसून हमसाहमशी रडत होती. तिनं फोन कानाला लावला.

"ऐकलं का? सगळे वाचले," ती म्हणाली. "मी घरी येऊन राहिली. चहा ठेवा."