राणीचा पंखा

लेकीवर भार नको म्हणून फुमिएबाई वृद्धाश्रमात निघाल्या होत्या. तिथल्या खोलीत एकच ट्रंक मावणार होती. घर आवरता आवरता त्यांचा हात बाहुल्यांच्या पेटीशी अडला. जुन्या बाहुल्या टाकून देत नाहीत, म्हणून ती उद्या देवळात नेऊन अग्नीला द्यायची होती.

मार्चच्या तीन तारखेला मुलींचा सण झाला, की मांडलेल्या बाहुल्या लगोलग पेटीत घालायच्या. काही बाहेर राहिलं तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, असं जपानमधल्या कानाझावात आजही मानतात.

"मी एका वर्षीही उशीर केला नाही," फुमिएबाई म्हणाल्या. "तरी तुझं लग्न झालं नाही, आणि तुझी आत्या मरेपर्यंत मलाच बोल लावत होती. माझं कुठे चुकलं गं?"

"काही चुकलं नाही, आई." एकसष्ट वर्षांची सानाए खाली मान घालून बाहुल्या कागदात गुंडाळत राहिली.

"आणि या राणीबाहुलीचा पंखा. तुझे बाबा गेले त्या वर्षी हरवला तो हरवलाच. आता बिचारी रिकाम्या हातानं जाणार."

सानाए उठली. आपल्या कपाटातून एक डबी घेऊन आली आणि त्यातला बोटभर सोनेरी पंखा तिनं राणीच्या हातात अडकवला.

फुमिएबाई बघतच राहिल्या. "तुझ्याकडे होता? इतकी वर्षं?"

 

"एक तरी वस्तू बाहेर ठेवायलाच हवी होती, आई. मी लग्न करून गेले असते, तर तू या घरात एकटी पडली असतीस."