दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये

"तेल जळालं न्हाई, सर." गिअरच्या तेलाच्या पट्टीवरचा लाल थेंब बोटावर घेऊन सर्जेरावांनी हुंगला. "जळलं असतं तर करपट वास आला असता."

"मग दुरुस्त व्हायची नाही ना?" हरिभाऊंनी मोठ्या आशेनं विचारलं.

सर्जेराव बघतच राहिले. लष्कराच्या वर्कशॉपात सगळी नोकरी झाली, पण असं विचारणारा गाडीवाला त्यांना भेटला नव्हता.

ही जुनी अमेरिकन पिकअप हरिभाऊंच्या मुलानं, मुकुंदनं लिलावात घेतली होती. क्लच नाही, गिअर आपले आपणच बदलणार. आदर्श नगरात तिचं कोण कौतुक! फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती अडायची. इंजिन नुसतं बोंब मारायचं आणि मग दणका देऊन गाडी पुढे निघायची. कोपऱ्यावर ती बोंब ऐकू आली की सुमित्राबाई तवा टाकायच्या. "सुटीवर आलो की पहिली हिला नीट करतो, आई," असं म्हणून मुकुंद पलटणीबरोबर लडाखला गेला.

तो आता येणार नव्हता. गेल्या थंडीत एक अधिकारी, हरिभाऊ शिकवत त्या कॉलेजात येऊन हरिभाऊंना तसं सांगून गेला होता. घरी मात्र हरिभाऊ म्हणाले, त्याची लांबच्या ठाण्यावर बदली झाली, तिथून टपाल येत नाही. काचबिंदूनं सुमित्राबाईंची नजर गेलेली. वर्तमानपत्र हरिभाऊच वाचून दाखवत, हवं तेवढं.

आणि रोज संध्याकाळी ते पिकअपमधून कॉलनीला एक फेरी मारत. कोपऱ्यावर बोंब उठली की ओट्यावरच्या सुमित्राबाई मान वर करत.

"आला का हो मुकुंद?"

"मीच गं. त्याच्यासाठी गाडी चालती ठेवतोय."

तेवढा एक क्षण त्यांचा चेहरा पूर्वीसारखा होई. हरिभाऊ दिवसभर त्या क्षणाची वाट पाहत. खरं सांगायचं तर त्या आवाजासरशी त्यांनाही वाटे, पोरगा आत्ता उडी मारून उतरेल.

आणि आता त्याच सुमित्राबाईंनी हट्ट धरला होता. मेकॅनिक बोलवा, आणि आजच बोलवा.

"आतला पट्टा ढिला पडलाय," सर्जेराव गाडीखालून म्हणाले. "बाहेरनंच स्क्रू आवळायचा. लगेच होतंय. मलाबी घरी जायचंय, पितरांची चतुर्दशी हाय. लढाईत गेलेल्यांचं पान आजच काढत्यात. आमच्या पलटणीतले..."

"हळू बोला!" हरिभाऊ दचकले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. शेवयांच्या खिरीचा वास येत होता. मेकॅनिकचा एवढा पाहुणचार कशाला, ते त्यांना कळेना.

ते खाली वाकले. "सर्जेराव, थोडा ढिलाच राहू द्या."

"का बरं?"

हरिभाऊंनी खिडकीकडे पाहिलं.

"चांगला घट्ट आवळा हो!" खिडकीतून सुमित्राबाईंचा आवाज आला.

सर्जेरावांनी गाडी फिरवून आणली. कोपऱ्यावरून ती अशी गुपचूप आली की फाटकाशी उभी राहीपर्यंत हरिभाऊंना कळलंही नाही. सर्जेराव खुशीत होते. थंडीतली ती बातमी आज पुन्हा कुणी सांगितली, असं हरिभाऊंना झालं. आता संध्याकाळी बायकोला काय ऐकवायचं?

सर्जेराव खिरीला न थांबता निघून गेले. हरिभाऊ आत आले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. सुमित्राबाई मागच्या पायरीवर हात जोडून बसल्या होत्या.

"गाडी झाली," हरिभाऊ कसेबसे म्हणाले.

सुमित्राबाईंनी अंगणाच्या भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर केळीचं पान मांडलेलं होतं, वर खीर.

"ऐकलंस ना रे मुकुंद? केली हो बाबांनी नीट. आता तरी घे."

पंख फडफडले.

"शिवला का हो?" सुमित्राबाईंनी विचारलं.