सिंकची उंची

बायको अपघातापासून गेले सहा महिने व्हीलचेअरवर होती. नवऱ्याने प्लंबरला बोलावून घेतलं. "सिंक फूटभर खाली घ्या. खालचा पाइपही भिंतीलगत न्या, हिचे गुडघे अडायला नकोत."

"साहेब, ओटा फोडावा लागेल," प्लंबर म्हणाला. "ताई चालायला लागल्या की पुन्हा सगळं वर घ्यायचं. त्यापेक्षा थोडं थांबा की."

"नाही, आत्ताच फोडा," नवरा नळाकडे बघत म्हणाला.

दारातून बायकोने विचारलं, "डॉक्टर तुला काय म्हणाले?"

त्याला मान वर करता येईना.

मग ती चाकं ढकलत ओट्यापाशी आली. हात लांबवून तिने भिंतीवर बोट टेकवलं.

"दादा, इथे खूण करा. कायमचंच आहे, तर नीट बसवा."