राखाडी शाई

मुलांनो, समजा, तुम्ही सुरतेत लिंबायतच्या एका गल्लीत, फोटोच्या लहानशा दुकानात उभे आहात. शेजारच्या गल्लीत माग चालू आहेत. त्यांच्या दणक्याने पायाखालची फरशी हलकेच थरथरते आहे. टेबलावर छपाईचं यंत्र आहे. त्याच्यापाशी रामदास बसला आहे. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं आहे. बाजूला त्याची मुलगी अश्विनी कागद कापते आहे. समोरच्या खुर्चीत लक्ष्मणशेठ. याच्याच कारखान्यात रामदासची बोटं गेली.

"बाकीच्यांकडे काळा-पांढरा फोटो हिरवट निघतो," लक्ष्मणशेठ म्हणाला. "म्हटलं, आपल्याच माणसाकडे जाऊ. दसऱ्याला कारखान्यात पूजा आहे, सगळे कारागीर येतील. माझा हा फोटो मोठा काढ. आणि रामदास, आज शुद्धीत आहेस ना?"

रामदास आयुष्यात कधी प्यायला नव्हता. पण लक्ष्मणशेठने सगळ्यांना सांगितलं होतं, की मागाच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी होती, यानेच दारूच्या नशेत ती काढून हात घातला. गल्लीने ते मानलं होतं. शाळेत अश्विनीला कुणी नावाने हाक मारत नसे. 'दारुड्याची' म्हणत.

फोटो लक्ष्मणशेठच्या वाढदिवसाचा होता, ज्या मागात रामदासची बोटं गेली त्याच मागापुढे उभं राहून काढलेला. अपघात दुसऱ्या दिवशी झाला.

अश्विनीने नमुन्यासाठी चेहऱ्यापुरते दोन तुकडे छापले. पहिला खरबरीत कागदावर, एकाच काळ्या शाईने. शाई कागदात पसरली. मिशी, केस आणि मागची भिंत काजळीसारखी एक झाली. दुसऱ्यासाठी तिने मंद चकाकीचा जाड कागद घेतला आणि काळीच्या जोडीला राखाडी शाया वापरल्या, एक गडद, एक मध्यम, एक फिकी. आता मिशी वेगळी, केस वेगळे, भिंत वेगळी. काळोखात काय आहे ते दाखवायचं तर राखाडीच लागते, मुलांनो. नुसती काळी सगळं गिळून टाकते.

"हा," लक्ष्मणशेठने जाड तुकडा उचलला. "यात मिशीचा केसन्‌केस दिसतो. याच्यावर काढ. मी चहा पिऊन येतो."

मोठा कागद यंत्रातून हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी कपाळ, मग मिशी, मग खांदे. मग फोटोचा खालचा कोपरा आला. संगणकाच्या जुन्या पडद्यावर तिथे नुसता काळोख दिसत होता. कागदावर तो काळोख उकलला. मागाचा पट्टा उघडा होता. जाळी खाली, भिंतीला टेकवून ठेवलेली. तिला लक्ष्मणशेठचा वाढदिवसाचा हार अडकवलेला.

"पप्पा, आठे देखा," अश्विनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली.

रामदास बघत राहिला. मग त्याचा हात माउसकडे गेला. "तो कोपरा काळा करी टाकस, परत छापस. नको भानगड, बेटा."

अश्विनीने माउस आपल्याकडे ओढून घेतला. "राहू द्या. त्यानीच निवडेल शे कागद."

लक्ष्मणशेठ आला. फोटो दोन्ही हातांनी लांब धरून तो फक्त स्वतःचा चेहरा बघत होता.

"पुसट तर नाही ना होणार?"

"नाही," रामदास खाली बघत म्हणाला. "ही शाई टिकते."

"काका," अश्विनी म्हणाली, "दाराशी लावा, उजेडात. आत अंधारात मिशी दिसायची नाही."

लक्ष्मणशेठ हसला. "पोरगी तुझ्यापेक्षा हुशार आहे रे रामदास." तिने फोटोची व्यवस्थित गुंडाळी करून त्याच्या हातात दिली.

त्याची रिक्षा वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने यंत्रात आणखी एक जाड कागद सरकवला, पडद्यावर तो कोपरा तेवढा निवडला, आणि अख्ख्या कागदाएवढा मोठा केला.