दिवा हिरवा झाला की

"झाकण बंद. दिवा हिरवा झाला की चिप्स सोडायच्या, बस. तेल उडत नाही, हात भाजत नाही," काउंटरवरच्या फ्रायरवर थाप मारत देवेश म्हणाला.

मृणालीने आधी वायर पाहिली. ती ओट्यावरून खाली लोंबली आणि पूर्वीने ओढली तर? तिची ही लेक पाच वर्षांची होती, दिसेल ते ओढायची.

"आखूड वायरचा आहे का?"

"मॅडम, आजपर्यंत सगळ्यांनी लांब वायर मागितली. आखूड मागणाऱ्या तुम्ही पहिल्या."

कल्याण नाक्यावरच्या या दुकानात ती दुसऱ्यांदा आली होती. सोमवारपासून काल्हेरच्या एका गोदामाच्या ऑफिसात तिची नोकरी सुरू होणार होती. दुपारी पूर्वी शाळेतून आली की घरात ती आणि तिची आजी, दोघीच. आजी तिला रोज चिप्स तळून द्यायची. उघड्या कढईत. इंटरव्ह्यूला बसली तेव्हाही मृणालीच्या डोळ्यांपुढे ते तेलच होतं.

आज सासूबाई स्वतः पिशवी घेऊन आल्या होत्या, सोबत पूर्वीही होती. पार्वतीबाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले बटाट्याचे काप काढले. मग तेलाची बाटली काढली.

"आजी, दुकानात तळणार?" देवेशला हसू आवरेना.

"मडकं आमी वाजवून घेतो. याला काय वाजवू? तळूनच बघाला लागंल. पोरगी न बघता लगीन केलास काय रं तू?"

"बाराला लाईट जाणार, आजी. त्याच्या आत आटपा."

त्याने तेल ओतलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला. मृणालीने फडकं उलगडून काप पाहिले. पातळ, एकसारखे, पुसून कोरडे केलेले. पाण्याचा टिपूस नाही. तिला जरा बरं वाटलं. इतकं जपून करणारी बाई. वर झाकणाचं यंत्र आलं, तर मग काळजी कसली?

तेल तापत होतं. सगळे दिव्याकडे बघत होते.

"झाला बघ," पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकणाकडे हात नेला.

"आजी, अजून लालच आहे!" पूर्वी ओरडली.

"व्हय गो? बरं."

"वा! बेबीचं बरोबर लक्ष आहे," देवेश म्हणाला.

"घरी पण मीच बघते," पूर्वीने त्याला सांगितलं. "स्टुलावर चढून. चिप्स पिवळ्या झाल्या की मी आजीला सांगते. मग आजी काढते."

निळं प्लास्टिकचं स्टूल. त्याचा एक पाय वाकडा होता. रोज संध्याकाळी ते ओट्याजवळ सापडायचं आणि मृणाली ते उचलून मोरीत ठेवायची. इथे कसं आलं, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं.

दिवा हिरवा झाला. कोणीच हललं नाही. शेवटी देवेशनेच काप जाळीत घालून तेलात सोडले.

"आई," मृणालीचा आवाज खाली आला होता, "दिवा दिसत नाही का तुम्हाला?"

पार्वतीबाईंनी पदर सारखा केला. "धुकट दिसतंय. पावसाळ्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितला असता तं तू नोकरी धरली असतीस?"

तेल चरचरत होतं. देवेशने जाळी वर घेतली, तसा पार्वतीबाईंनी एक काप उचलला, कानाशी नेला आणि मोडला.

"कच्चा हाय. अजून मिनिटभर पायजे."

देवेशने जाळी पुन्हा तेलात सोडली. मिनिटभराने काढलेल्या चिप्स खरंच कुरकुरीत झाल्या होत्या. पूर्वीने फुंकर मारून दोन खाल्ल्या, तिसरी देवेशला दिली.

"पॅक करू, मॅडम?"

"आज नको."

"घे गो," पार्वतीबाई म्हणाल्या. "चांगला हाय. दिव्याचा काय, पूर्वी सांगंल ना."

"पूर्वी नाही सांगणार." तिचा आवाज इतका चढला, की देवेश खोके लावायच्या निमित्ताने मागे गेला. मृणालीने उरलेले काप फडक्यात बांधले. गाठ दोनदा सुटली. "सोमवारी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, आई."

"सोमवारी तुझी नोकरी हाय."

मृणालीने पिशवी खांद्याला लावली.

नाक्यावर मालाचे ट्रक एकाला एक लागून उभे होते. मधल्या फटीतून रिक्षा आणि टेम्पो सुटत होते. पूर्वीने आजीचं बोट धरलं. शाळेतून येताना दोघी रोज इथूनच रस्ता ओलांडायच्या. मृणाली पायरी उतरून एक पाऊल मागे होती.

"थांब आजी, ट्रक आहे."

पार्वतीबाई थांबल्या.

"अजून नाही. टेम्पो."

मृणाली पुढे झाली आणि तिने सासूबाईंचा दुसरा हात धरला. त्यांनी मान वळवली नाही. त्यांचं सगळं लक्ष पूर्वीच्या आवाजाकडे होतं.

"आता चल," पूर्वी म्हणाली. "मोठी पावलं टाक, आजी."