पहारा बंद केल्यावर

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: बऱ्हाणपूरच्या बाजारातलं रिपेअरिंगचं छोटं दुकान, रणरणती दुपार आणि सकाळपासून कामात मान मोडून बसलेले नंदकुमारकाका.

जैनाबादहून दहा वर्षांची केतकी आपला गेम कन्सोल घेऊन आली होती; त्यातला जुना गेम उघडतच नव्हता. त्यावर ती दादाबरोबर खेळायची. दादा मागच्या वर्षी तापीत बुडाला, आणि दोघांचा डाव अर्धाच राहिला.

"काका, डाव उडणार तर नाही ना?"

"टेन्शन नको घेऊ, बेटा. आत सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी आहे. तो ओळखीच्याच प्रोग्रामला आत सोडतो. तुझा जुना गेम त्याला परका वाटतोय. त्याला देऊ सुट्टी."

"मग कोणीपण आत येईल?"

काका थकून हसले. "येऊ दे की. एवढ्या उन्हात कोण येतंय!"

त्यांनी बटण दाबून धरलं, आतल्या सेटिंग उघडल्या आणि सिक्युअर बूट बंद केलं. मशीन पुन्हा सुरू झालं. डाव जसाच्या तसा समोर आला.

पडद्यावर लिहिलं होतं: खेळाडू दोन.

एक कंट्रोलर केतकीच्या हातात होता. दुसरा, दादाचा, टेबलावर पडला होता. सेटिंगला हात लावण्याआधी जास्तीच्या कंट्रोलरचे सेल काढायचे, ही काकांची रीतच होती. ते सेल अजून त्यांच्या मुठीत होते.

टेबलावरच्या कंट्रोलरचा दिवा लागला. त्याचं बटण हळूच खाली गेलं आणि वर आलं.

काकांनी मूठ उघडली. दोन्ही सेल तिथेच होते.

केतकी बाकावर जराशी सरकली आणि तिने शेजारी जागा करून दिली.